मणक्याचा मिटलेला डोळा

१९८४ साली मी क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून सरकारी नोकरीत रुजू झालो आणि २०१५ साली नियत वयोमानानुसार निवृत्त झालो. मधल्या एकतीस वर्षांत अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत जिथे जिथे बदलीचा हुकूम घेऊन गेलो तिथे तिथे माझे काम एकच होते. माणसाला टेबलावर निजवावे, श्वास रोखायला सांगावे, कळ दाबावी, आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन त्याच्या हाडांची सावली धुऊन आणावी. त्या सावलीचा अर्थ लावणे माझ्या हुद्द्यात बसत नव्हते. पहिल्याच दिवशी दप्तरातल्या मोठ्या बाबूंनी मला समोर बसवून सांगितले होते, "फोटो तुमचा, मजकूर डॉक्टरांचा." हे वाक्य मी पुढे पाच वर्षे इतक्या निष्ठेने पाळले की त्या निष्ठेची आज मला लाज वाटते, आणि हे लिहायला बसण्याचे कारणही तेच आहे. ज्या दवाखान्यात ती गोष्ट घडली त्याचे नाव मी लिहीत नाही. चूक भिंतींची नव्हती, आणि जी माणसांची होती तिच्यातला माझा वाटा मला पुरेसा आहे.

हल्लीच्या मुलांना अंधाऱ्या खोलीची कल्पना यायची नाही, कारण आता कळ दाबल्याबरोबर पडद्यावर चित्र उमटते. तेव्हा कॅसेटमधून फिल्म चाचपडत काढावी, पोलादी हँगरच्या चारी चिमट्यांत ती ताणून बसवावी, तांबड्या दिव्याच्या उजेडात डेव्हलपरच्या टाकीत सोडावी आणि घड्याळाकडे पाहत उभे राहावे, असा शिरस्ता होता. वैशाखात वऱ्हाडचे ऊन कडकडले म्हणजे टाकीतले पाणी इतके तापे की फिल्मवरचा थर मऊ पडून सुटू लागे, म्हणून शिपायाकडून बर्फाची लादी आणवून, ती गोणपाटात फोडून, टाकीभोवतीच्या पाण्यात सोडण्याची तजवीज आम्हांला करावी लागे. फिक्सरमधून निघालेली फिल्म धुऊन वाळेपर्यंत धीर धरणारे डॉक्टर थोडेच. बहुतेकांना ती ओलीच हवी असे, आणि मी ती खाली थेंब ठिबकवीत दिव्याच्या पेटीपाशी नेऊन धरीत असे. या उपद्व्यापाचा एक फायदा मात्र होता. डॉक्टरांच्या आधी, आणि पुष्कळदा डॉक्टरांपेक्षा अधिक वेळ, ती सावली माझ्या डोळ्यांसमोर असे.

पहायचे कसे हे मला एका वयोवृद्ध क्ष-किरणतज्ज्ञांनी शिकवले, जे आठवड्यातून एकदा येत आणि चहा पिता पिता जुन्या फिल्मांची बाडे उलगडून बसत. ते म्हणत की समोरून घेतलेल्या फोटोत प्रत्येक मणका हे घुबडाचे एक तोंड समजावे. मणक्याच्या पुढच्या भरीव ठोकळ्याला मागच्या कमानीशी जोडणारे जे दोन आखूड खांब असतात, ज्यांना वैद्यकीय भाषेत पेडिकल म्हणतात, ते समोरून दोन वाटोळ्या डोळ्यांसारखे दिसतात, आणि मागे निघालेला काटा त्यांच्यामध्ये चोचीसारखा दिसतो. अशी छातीची बारा आणि कमरेची पाच मिळून सतरा घुबडे एकाखाली एक बसलेली असतात. ज्या घुबडाचा एक डोळा मिटलेला दिसेल तिथे थांबायचे. विलायती पुस्तकांतही या खुणेला डोळा मिचकावणारे घुबड असेच नाव आहे. घुबड म्हटले की आमच्या खेड्यांत बाया पदर सावरून घरात जातात, पण त्याच्याच जातीच्या पिंगळ्याचे नाव घेऊन पहाटे दारी येणाऱ्या पिंगळ्या जोशाला मात्र सूपभर जोंधळे घालून भविष्य विचारतात. ही विसंगती त्या वृद्ध गृहस्थांना फार आवडे. म्हाताऱ्या माणसात डोळा मिटलेला दिसला तर बहुधा दुसरीकडच्या कर्करोगाने हाड खाल्लेले असते, आणि लेकरात दिसला तर दुसरे काही, एवढे सांगून ते थांबत. दुसरे काही म्हणजे काय, हे विचारायचे माझ्या हातून राहून गेले.

१९८९ सालची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, दर्यापूरकडचा एक सालदार आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. सोबत तिची आई होती, आणि बोलत होती ती आईच. "रातीले लय दुखते जी तिले. दिवसा खेळते, पन रात झाली का कण्हते. निजतच नाही." तीन महिन्यांपासून हे चालले होते. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून गोडे पाणी लांबून आणावे लागे आणि ते काम पोरींकडे असे. "गुंड आणते न जी डोक्यावर," बाप हळूच म्हणाला, "त्याच्यानं मणका सरकला असन." मी तिला टेबलावर निजवले तेव्हा तिला सरळ निजवेना; पाठ एका कुशीला किंचित वाकलेली होती, आणि खालच्या फासळीच्या पातळीवर हात लागताच ती दचकली.

दोन फोटो काढले, समोरून एक, बाजूने एक. फिक्सरमधून काढून तांबड्या दिव्यासमोर धरले तेव्हाच दिसले की छातीच्या बाराव्या मणक्याचा डावा डोळा नाही. बोटाने पुसल्यासारखा नाहीसा झाला होता, आणि त्याच्या जागी बाहेरच्या बाजूला अंड्याच्या टरफलाइतकी बारीक, वाटोळी, जेमतेम दिसणारी एक रेषा फुगून आलेली होती. वरच्या आणि खालच्या चकत्या मात्र शाबूत. एवढे मला कळत होते की मणक्याचा क्षय, ज्याचे वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ साली केले आणि ज्याचे शेकडो फोटो मी स्वतः धुतले होते, तो सहसा असा वागत नाही. तो चकतीच्या काठाशी सुरू होतो, लगतच्या दोन मणक्यांची तोंडे कुरतडतो, मधली चकती चेपवतो आणि कडेला पुवाची सावली टाकतो. इथे दोन मणके नव्हते, चकती चेपलेली नव्हती, आणि रोग मणक्याच्या पुढच्या भागाऐवजी मागच्या कमानीत बसला होता.

बाहेर दोनशे माणसांची रांग होती. वैद्यकीय अधिकारी सज्जन होते, दमलेले होते, आणि वऱ्हाडात लेकराच्या पाठदुखीला क्षय म्हणणे हा त्या काळी बहुतेक वेळा बरोबर ठरणारा अंदाज होता. त्यांनी ओली फिल्म क्षणभर उजेडाला धरली, पोकळी पाहिली, आणि कागदावर मणक्याचा क्षय असे लिहून गोळ्या, स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया आणि प्लास्टरचे जाकीट सांगितले. मी शेजारी हँगर हातात घेऊन उभा होतो. जिभेवर आलेले वाक्य असे होते : साहेब, डावा डोळा पहा. ते मी गिळले. फोटो तुमचा, मजकूर डॉक्टरांचा.

संक्रांतीनंतर आठवड्याभराने सालदार मुलीला खांद्यावर घेऊन आला. गोळ्या एक दिवस चुकवल्या नव्हत्या. सुया घ्यायला तो तिला सायकलवरून नेत असे, हे आई पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू हिशोबात काही कमी पडले असेल तर ते आपल्या बाजूने नाही हे तिला आधी नोंदवून ठेवायचे होते. मुलीच्या पायांतली शक्ती गेली होती. डावा पाय उचलत नव्हता, उजवा थरथरत होता. त्या दिवशी योगायोगाने बाहेरगावचे एक अस्थिशल्यज्ञ आलेले होते. त्यांनी नवा फोटो पाहिला, लिफाफ्यातून जुना काढला, दोन्ही शेजारी लावले आणि कोणाकडेही न पाहता विचारले, "हे भाद्रपदात कोणाला दिसले नाही?"

"मला दिसले होते," मी म्हणालो.

"मग बोलला का नाहीत?"

"तो माझा अधिकार नव्हता, साहेब."

"अधिकार अहवाल लिहिण्याचा नव्हता," ते म्हणाले. "तोंड उघडायला कोणत्या परिपत्रकाने मनाई केली होती?" आणि ते पुन्हा फोटोकडे वळले. रागावले असते तर बरे झाले असते.

मी आठ दिवसांची रजा टाकली आणि त्या कुटुंबाबरोबर नागपूरला गेलो; सालदाराला अक्षरओळख नव्हती, आणि तिथल्या मेडिकल कॉलेजच्या खिडक्यांची भाषा अक्षरओळख असलेल्यालाही सहज उमगत नाही. तिथे प्रथम सुई घालून पाहिले. पिचकारीत पू आला नाही, गडद रक्त आले. शस्त्रक्रियेआधी रक्तपेढीची चार बाटल्यांची चिठ्ठी हातात पडली तेव्हा बापाचा चेहरा पांढरा झाला, कारण रक्त दिल्याने माणूस कायमचा खचतो अशी त्याची पक्की समजूत होती. तरी त्याने पहिली बाटली दिली, दुसरी मी दिली, उरलेल्या दोन कोठून आल्या ते मला आता आठवत नाही. शल्यविशारदांनी पाठीमागून कमान उघडली, रक्ताने भरलेली आणि पातळ पडद्यांनी कप्पे पडलेली ती पोकळी खरवडून काढली, मज्जारज्जूवरचा दाब मोकळा केला आणि कमरेच्या हाडाचा चुरा त्या जागी भरला. रक्त पुष्कळ गेले. तो चुरा जिवंत हाड होऊन बसेपर्यंत मुलगी प्लास्टरमध्ये पालथी-उताणी निजून होती. पाय परत आले. उजवा सगळा, डावा बराचसा.

त्या रोगाचे नाव मला तिथे प्रथम कळले : अॅन्युरिझमल बोन सिस्ट. रोहिणी फुगावी तसे फुगलेले, रक्ताच्या कप्प्यांचे हाडातले गळू, असा त्याचा अर्थ. हेन्री जॅफे आणि लुई लिख्टनस्टाइन या दोन अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञांनी १९४२ साली ते इतर हाडगळवांपासून वेगळे ओळखून त्याला हे नाव दिले. ते कर्करोगात मोडत नाही, शरीरात इतरत्र पसरत नाही, पण जिथे बसते तिथले हाड आतून पोखरून बाहेर फुगत जाते, आणि वयाची पहिली वीस वर्षे हा त्याचा आवडता काळ. पुष्कळदा ते मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात निघते, जिथे फार तर हाड मोडते. मणक्यात निघाले की तेच गळू मज्जारज्जूच्या नळीला टेकते.

"कशानं झालं जी हे?" हा प्रश्न मुलीच्या आईने नागपूरच्या ओसरीवर बसून मला किती वेळा विचारला असेल याची गणती नाही. तिला गुंडाचा संशय होता, म्हणजे पर्यायाने स्वतःचा, कारण पाण्याला पाठवणारी तीच. त्या वेळी डॉक्टरांचेही उत्तर धड नव्हते. कोणी म्हणत, मार लागून हाडात रक्त साकळते. कोणी म्हणत, हाडातून रक्त परत नेणाऱ्या शिरेत अडथळा येतो, दाब वाढतो आणि धरणाच्या फुगवट्यासारखे रक्त मागे पसरून हाड झिजवते. मी तिला एवढेच सांगू शकलो की गुंड सगळ्याच पोरी आणतात, आणि सगळ्यांच्या मणक्याला हे होत नाही. ते उत्तर अपुरे असले तरी खोटे नव्हते, हे मला पंचवीस वर्षांनी कळायचे होते.

परत आल्यावर मी एक शंभर पानी वही घेतली. ज्या फोटोत मला काही खटके आणि ते मी डॉक्टरांना तोंडाने सांगे, त्याचे पेन्सिलीने चित्र काढून, तारीख घालून, पुढे काय निघाले ते मी त्यात लिहू लागलो. हे कोणाच्या हुकुमाने नव्हते आणि काही अधिकाऱ्यांना ते रुचलेही नाही. एकाने मला "आमचे छोटे सिव्हिल सर्जन" अशी पदवी बहाल केली होती. पण बहुतेकांनी ऐकले. पुष्कळदा मी चुकलो : आतड्यातल्या वायूचा बुडबुडा डोळ्यावर आल्याने डोळा मिटल्यासारखा दिसतो, हे चार वेळा फजिती झाल्यावर माझ्या ध्यानात आले. एकदा अकोल्याकडच्या एका मेंढपाळाच्या मणक्यात मी मोठ्या ऐटीने हेच गळू ओळखले, आणि निघाले ते हायडॅटिड, म्हणजे कुत्र्यामेंढ्यांमधून माणसात येणाऱ्या फीतकृमीच्या अळ्यांचे गळू, ज्यात रक्ताऐवजी स्वच्छ पाणी आणि द्राक्षाच्या मण्यांसारख्या पिशव्या असतात. तिथे बेसावधपणे सुई खुपसणे म्हणजे अळ्या सर्वत्र पेरणे, म्हणून त्या दिवशी कोणी माझ्या शब्दावर विसंबले नाही हे त्याचे नशीब.

वहीत मणक्यातली अॅन्युरिझमल गळवे सगळी मिळून चार आहेत. हा आकडा मला निवृत्तीनंतर स्वस्थ बसू देईना. युरोपात झालेल्या एका मोजणीप्रमाणे ही गळवे वर्षाला दहा लाख माणसांत सुमारे दीड इतकी नव्याने निघतात, आणि त्यांतल्या पाचांतले एखादे मणक्यात असते असे धरायला हरकत नाही. २०११ च्या खानेसुमारीत एकट्या अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या एकोणतीस लाखांच्या घरात होती. युरोपाचा हिशोब वऱ्हाडाला जसाच्या तसा लागू पडेल असा माझा हट्ट नाही, तथापि पडला तर दोन-तीन जिल्ह्यांत मिळून वर्षाकाठी एकदोन लेकरे तरी यायला हवीत. काही खाजगीत गेली असतील, काही थेट नागपूर-मुंबईला. पण काही क्षयाच्या गोळ्या खात, काही अंगारा लावून, पाय लुळे पडेपर्यंत घरी बसली असतील, आणि त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात "पांगळा" या एका शब्दापलीकडे झाली नसेल, असा माझा तर्क आहे. तो खोटा ठरला तर मला आनंदच होईल.

चौथे चित्र २०१४ सालचे. धारणीकडून एक चौदा वर्षांचा कोरकू मुलगा आला. पाठीवर भुमक्याने दिलेल्या चटक्यांच्या जुन्या खुणा होत्या. नव्या डॉक्टरांपैकी कोणी त्या पाहून तुच्छतेने हसले तेव्हा मला ते बोचले, कारण पंचवीस वर्षांपूर्वी आम्हीही एका लेकराला साडेचार महिने चटकेच दिले होते, फक्त ते गोळ्यांचे होते. या वेळी मी फोटो घेऊन स्वतः धावत गेलो. अस्थिरोग विभागात एक तरुण बाई होत्या. त्यांनी पाहताक्षणी एम.आर.आय. सांगितला. त्यात कमरेच्या दुसऱ्या मणक्यामागे कप्प्याकप्प्यांची पोकळी होती आणि प्रत्येक कप्प्यात एक आडवी रेघ होती. पूर्णेच्या पुराचे गढूळ पाणी तुरटी फिरवून घागरीत ठेवावे आणि थोड्या वेळाने गाळ खाली, निवळ वर व्हावे, तसे मूल उताणे निजलेले असताना कप्प्यातले रक्त निवळून तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पाणी राहते; त्या दोहोंच्या सीमेची ती रेघ. बाई म्हणाल्या की रेघ दिसली म्हणून निर्धास्त व्हायचे नाही, कारण हाडाच्या कर्करोगाचा एक क्रूर प्रकार हेच सोंग घेतो. तुकडा काढून तपासल्याखेरीज कोणी काही म्हणू नये.

तुकड्याच्या तपासासाठी त्याला परळच्या टाटा रुग्णालयात पाठवायचे ठरले, आणि घरात रडारड झाली. १९४१ साली उघडलेल्या त्या रुग्णालयाचे नाव आमच्या खेड्यांत रोगाचेच नाव झाले आहे. टाटाला पाठवले म्हणजे संपले. अमरावती हा राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या २०१२ सालच्या पहिल्या आठ जिल्ह्यांपैकी एक असल्यामुळे पिवळ्या शिधापत्रिकेवर खर्चाची मंजुरी मिळाली. राहण्याची सोय दादरला, गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत झाली. वलगावच्या पेढी नदीकाठी ज्यांनी १९५६ साली देह ठेवला त्या आमच्या बाबांची ती पुण्याई मुंबईत वऱ्हाडी माणसाच्या किती कामी येते, हे तिथे रात्र काढल्याशिवाय कळत नाही.

पंधरा दिवसांनी मुलाच्या बापाचा मला फोन आला. आवाज आनंदाने फुटला होता. गाठ साधी निघाली, कॅन्सर नाही, आम्ही गावी येत आहोत. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, पण साध्या गाठीला ऑपरेशन कशाला?

या "साध्या" शब्दाने वैद्यकात जेवढा घोळ घातला आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही शब्दाने घातला नसेल. डॉक्टर तो शब्द वापरतो तेव्हा तो पेशीच्या स्वभावाबद्दल बोलत असतो. ऐकणारा समजतो की आपल्या लेकराच्या भवितव्याबद्दल बोलणे चालले आहे. मला त्या क्षणी शास्त्र सुचले नाही. मी म्हणालो, "भाऊ, गाय गरीब आहे, मारत नाही, कबूल. पन ती दारात आडवी बसली आहे. मारत नसली तरी वाट अडवूनच बसली न?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "उठवा लागते मंग." ते लोक थांबले.

१९९० आणि २०१४ यांच्यामध्ये काय बदलले होते, ते त्या मुलाच्या उपचारात मला पाहायला मिळाले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्याच्या जांघेतल्या रोहिणीतून केसासारखी नळी सरकवत मणक्याजवळ नेली आणि गळवाला रक्त पुरवणाऱ्या बारीक रोहिण्या बारीक कण सोडून बुजवल्या. हे काम फार जपून करावे लागते, कारण छातीच्या खालच्या भागात, बहुधा डाव्या बाजूने, मज्जारज्जूला पोसणारी एक मोठी रोहिणी निघते. तिच्यात कण गेले तर बरे करायला निघालेला माणूस रुग्णाला कायमचा पांगळा करून बसतो. म्हणून आधी तिचा ठावठिकाणा काढून मगच बाकीच्या वाटा बंद करतात. दुसऱ्या दिवशी गळू खरवडून, त्याच्या भिंती वेगाने फिरणाऱ्या बारीक रंध्याने घासून काढल्या, हाड भरले, आणि वरखालच्या मणक्यांत स्क्रू घालून सळ्यांनी कणा बांधून टाकला. मुलगा चौथ्या दिवशी उभा राहिला. सालदाराची मुलगी उभी राहायला चार महिने लागले होते.

भिंती घासण्यावर एवढा भर का, याचे उत्तर त्या तरुण बाईंनी मला दिले, आणि त्यातच त्या जुन्या "कशानं झालं जी" चेही उत्तर होते. या गळवातले रक्त हे मूळ दुखणे नाही; दुखणे त्याच्या भिंतीतल्या पेशींत आहे. सतराव्या गुणसूत्रावर यू.एस.पी.सिक्स नावाचा एक जनुक असतो, जो हाडाच्या पेशींत एरवी निमूट बसलेला असतो. गळवातल्या काही पेशींत गुणसूत्रांचे तुकडे तुटून अदलाबदल होते, बहुधा सोळाव्याशी, आणि हा निमूट जनुक दुसऱ्या एका कामसू जनुकाच्या हुकुमाखाली जातो. कचेरीत एका खात्याच्या कागदावर दुसऱ्या खात्याची मोहर उठावी आणि खालच्या कारकुनांनी तो हुकूम इमानेइतबारे बजावत सुटावे, तसे ते होते. त्या हुकुमाने हाड खाणाऱ्या पेशींना बोलावणे जाते, हाड विरघळते आणि मोकळ्या जागेत रक्त भरते. २००४ साली या जनुकाची ओळख पटली. स्वतंत्रपणे उद्भवणाऱ्या बहुसंख्य गळवांत ही अदलाबदल सापडते; हाडातल्या दुसऱ्या एखाद्या गाठीच्या आश्रयाने जे दुय्यम गळू होते त्यात ती सापडत नाही. हे आईबापांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. त्या एका जागच्या पेशींतच घडते. गुंड, पडणे, नजर, पूर्वसंचित, यांपैकी कोणावरही दोष ठेवायला पुरावा नाही.

भिंतीतल्या थोड्या पेशी मागे राहिल्या तर गळू पुन्हा होते, आणि होते ते बहुधा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून दर काही महिन्यांनी फोटो काढून पाहत राहावे लागते. पूर्वी अशा वेळी किरणोपचार देत, पण पुढे कित्येक वर्षांनी त्याच जागी खरा कर्करोग उद्भवू शकतो आणि लेकराच्या कण्याची वाढ खुंटते, हे कळल्यावर तो उपाय आता निरुपाय म्हणूनच उरला आहे. दिल्लीच्या एम्स संस्थेतल्या डॉक्टरांनी शिरांच्या फुगवट्यावर वापरतात ते पोलिडोकॅनॉल नावाचे औषध सुईने गळवात सोडून ७२ रुग्णांवरचा अनुभव २००६ साली प्रसिद्ध केला; हातापायांच्या गळवांत तो उपाय चांगला लागू पडतो, मणक्याशेजारी मात्र हात आखडता घ्यावा लागतो. काही ठिकाणी केवळ रोहिण्या पुन्हा पुन्हा बुजवूनच गळू सुकवतात. आणि हाड खाणाऱ्या पेशींना जाणारे बोलावणे मध्येच अडवणारे डेनोसुमॅब हे इंजेक्शन आता जिथे शस्त्र पोहोचू शकत नाही तिथे देतात, अर्थात लेकरांत ते थांबवल्यावर रक्तातले कॅल्शियम एकाएकी चढू शकते, म्हणून तेही डोळ्यांत तेल घालून.

निवृत्तीनंतर आता शेजारपाजारचे लोक एम.आर.आय.चे कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्यांत निम्म्यांना मणक्यात हिमँजिओमा म्हणून काही लिहिलेले असते आणि त्यांची झोप उडालेली असते. तो रक्तवाहिन्यांचा पुंजका दहातल्या एखाद्या धडधाकट माणसाच्या मणक्यात असतोच, आणि क्वचितच कोणाला त्रास देतो. त्यांना मी चहा पाजून घरी पाठवतो. ज्यांनी घाबरायला नको ते घाबरतात, आणि ज्या लेकराने रात्रीतून तीनदा आईला उठवले ते सकाळी खेळायला जाते म्हणून कोणी घाबरत नाही, अशी एकंदर तऱ्हा आहे.

आईबापांना माझी विनंती एवढीच की मूल रात्री पाठ दुखते म्हणून उठत असेल, पाठ एका कुशीला वाकवून चालत असेल, आणि हे तीन-चार आठवड्यांत थांबत नसेल, तर समोरून आणि बाजूने असे दोन्ही फोटो काढावेत आणि डॉक्टरांना हात जोडून विचारावे की सगळ्या मणक्यांचे दोन्ही डोळे दिसतात ना. क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर त्या मनाने बंद करू नयेत, मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही पुष्कळ आहे. पण महिना-दोन महिन्यांत उतार नसेल तर तुकडा काढून तपासण्याचा आग्रह धरावा. पायात मुंग्या, पाय अडखळणे किंवा लघवी अडणे यांपैकी काही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

सालदाराची ती मुलगी आता पंचेचाळिशी ओलांडून गेली आहे. तिला दोन मुले आहेत, दोघांच्याही पाठी सरळ आहेत. तिची डाव्या पायातली चप्पल बाहेरच्या कडेने लवकर झिजते. तिच्या त्या पहिल्या फोटोची फिल्म शिल्लक नाही. मुदत संपलेल्या फिल्मांत चांदी असते म्हणून त्यांचा लिलाव होतो, आणि १९८९ सालचा सगळा गठ्ठा किलोच्या भावाने गेला. वहीत पहिल्या पानावर मी आठवणीने काढलेले तिचे चित्र मात्र आहे. वही अमरावतीत माझ्या घरीच असते. कोणा तरुण तंत्रज्ञाला पाहायची असेल तर त्याने दुपारी चारनंतर यावे, आणि येताना आपल्याला खटकलेला एखादा फोटो घेऊन यावे.